आजोबा ओरडत नाहीत

पत्र असं आहे (थोडं कापून देते आहे):

"ताई, मी मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या गटाने इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांवर १८ मिनिटांची डॉक्युमेंटरी केली आहे. माझे आजोबा चाळीस वर्षं मागावर होते, म्हणून विषय मीच सुचवला. पहिला कट कॉलेजमध्ये दाखवला आणि गूगल फॉर्म भरून घेतले. ४१ जणांनी भरले. सरासरी ५ पैकी ४.२ आली. आम्ही खूश होतो, पण खालच्या रकान्यात काय काय लिहिलं होतं! 'मुलाखती बोअर.' 'लांब झालीय.' 'बासरी एकदम भारी', हे तर बारा जणांनी लिहिलंय. 'आजोबांचा भाग वाढवा' आणि 'आजोबांचा भाग काढा, सारखे ओरडतात' हे दोन्ही आहे. ज्याच्या घरचे आठ माग आहेत अशा एका मुलाने लिहिलं, 'एकाच बाजूचं दाखवलंय.' आणि नाव न घालता कुणीतरी लिहिलं, 'गरिबी दाखवून मार्क मिळवायचे.' ते वाचून मला रात्रभर झोप नाही. गटातले म्हणतात, बहुमत म्हणेल तसं करू आणि विषय संपवू. सरांना फाइलमध्ये 'प्रेक्षक प्रतिसाद' असं वेगळं प्रकरण हवंय. तीन आठवडे उरलेत. कुणाचं ऐकू? फिल्मची लिंक सोबत देतेय. – मागवाल्याची नात"

मागवाल्याच्या नातीस,

लिंक दिलीस हे बरं केलंस. नाहीतर मी इथे बसून हवेत सल्ले दिले असते. फिल्म मी आधी दोनदा पाहिली. पहिल्यांदा टेबलाशी बसून, कानाला हेडफोन लावून, वहीपेन घेऊन. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात, फोन डब्याला टेकवून, भाजी परतता परतता. तुझी फिल्म जग बहुतेक दुसऱ्याच पद्धतीने बघणार आहे.

हेडफोनवर सहाव्या मिनिटातल्या मावशी मला फार आवडल्या. रातपाळी करून घरी आल्यावर पोरांचे डबे भरतात, ते किती सहज सांगतात. फोनवर मात्र मला 'रातपाळी' आणि 'पोरं' एवढे दोनच शब्द कळले. बाकी सगळं मागाच्या खटखटीत बुडालं होतं. त्या साडेतीन मिनिटांत मी दोनदा गॅस बारीक केला आणि एकदा दाराशी जाऊन आले.

आता फॉर्ममधलं 'मुलाखती बोअर' पुन्हा वाच. एकानेही 'ऐकू आलं नाही' असं लिहिलेलं नाही. माणसं तसं लिहीत नाहीतच. ऐकू आलं नाही की थोडा वेळ कान देतात, मग कंटाळतात, आणि कंटाळा आलेला तेवढा त्यांना आठवतो. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने याला दुखण्याची उपमा दिली आहे. कोपर दुखतं म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, पण नस दबलेली असते खांद्यात. प्रेक्षकाला दृश्य आवडलं नाही तर तो त्याच दृश्याकडे बोट दाखवतो. चूक कधी कधी दहा मिनिटं आधी झालेली असते. कोपराला मलम चोळत बसलीस तर तीन आठवडे त्यातच जातील. तुझे गटातले मुलाखती कापायला निघालेत ना? ते हेच मलम आहे.

मावशींची मुलाखत कापू नका, पुन्हा घ्या. माग बंद असतील त्या दिवशी, त्यांच्या घरी, कॉलर माइक लावून. कॉलेजात नसेल तर लग्नाचे व्हिडिओ करणारा कुणीतरी एका दिवसासाठी देतो. शेडमधली त्यांची दृश्यं तशीच ठेवा आणि वर घरचा आवाज घाला. मागांची खटखट वेगळी रेकॉर्ड करून अगदी हळू खाली पसरा. ती पूर्ण काढलीत तर इचलकरंजी उरणार नाही. आणि मराठीच फिल्मला मराठी सबटायटल द्यायला लाजू नका. कोल्हापूरची बोली नागपूरच्या माणसाला पहिल्या झटक्यात कळते असं समजू नकोस.

त्या ४.२ चं काय करायचं, तर काहीच नाही. फाइलमध्ये टाक आणि विसर. फॉर्म भरणाऱ्यांत तुझ्या वर्गातले किती होते? ज्यांची फिल्म पुढच्या आठवड्यात तुम्ही बघणार, त्यांनी तुम्हाला २ द्यायचे? आपल्याकडे कुणाच्या घरी जेवल्यावर मीठ कमी होतं असं कोण सांगतं? त्यात तुझा पहिला प्रश्न होता, 'तुम्हाला आमची डॉक्युमेंटरी आवडली का?' या प्रश्नाला मराठी माणसाकडे एकच उत्तर असतं: 'छान झालीय.'

योग्य प्रश्न कसा विचारतात याचा एक जुना धडा आपल्याच मुलखात आहे. मास कॉमच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकला असेल. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ ग्रामीण मंचांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस. गावातली मंडळी रेडिओभोवती जमून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत, आणि त्यांचे प्रश्न व मतं केंद्राकडे जात. पुढच्या कार्यक्रमांत त्यातल्या प्रश्नांना उत्तरं मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी अहवाल लिहिला. प्रयोग इतका जमला की पुढे देशभर असे मंच काढले गेले.

त्यात मला सगळ्यात आवडते ती ऐकणाऱ्यांच्या प्रश्नाला दिलेली किंमत. खताबद्दलचा कार्यक्रम ऐकून एखाद्या गावाने 'कार्यक्रम उत्तम' असं कळवलं, तर केंद्रातल्या माणसाला त्यातून काय मिळणार? पण 'आमच्याकडे विहिरीला पाणीच नाही, मग हे खत घालायचं कसं?' असा प्रश्न आला, तर पुढचा कार्यक्रम काय करायचा हे त्याला आपोआप कळतं. म्हणून तू दुसऱ्यांदा फिल्म दाखवशील तेव्हा आवडली का, हे विचारूच नकोस. कागदावर तीन गोष्टी विचार. ही कुणाची गोष्ट आहे? कुठे कळेनासं झालं किंवा मन दुसरीकडे गेलं? आणि आता तुम्हाला काय विचारावंसं वाटतं? चर्चा सुरू करण्याआधी हे लिहून घे, कारण खोलीत पहिला जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत पाच मिनिटांत सगळ्यांचं होतं. पुण्यात एकांकिका स्पर्धेला बसली असशील तर हे तू पाहिलं असशील. मागच्या रांगेतून एक हाळी येते आणि पुढचं सगळं नाट्यगृह तिच्या मागे जातं.

आता आजोबांकडे येते, कारण तुझी खरी फिल्म तिथे आहे आणि तुला ती अजून दिसलेली नाही.

'आजोबांचा भाग वाढवा' कुणी लिहिलं ते तपास. माझा अंदाज आहे, ज्यांच्या घरात कुणीतरी मागावर, सायझिंगला (सुताला खळ द्यायला) किंवा कांड्या भरायला गेलंय त्यांनी. 'काढा, सारखे ओरडतात' हे बाहेरगावच्या मुलांनी लिहिलं असणार. दोघांनी एकच माणूस पाहिला. घरच्यांना कळलं की आजोबा चिडलेले नाहीत, त्यांना ऐकू कमी येतं. बाहेरच्यांना तापट म्हातारा दिसला. आणि तुझ्या १८ मिनिटांत आजोबांचे कान मागांनी नेले हे एकदाही, कुणीही, कुठेही सांगत नाही! तू लहानपणापासून त्यांच्याशी मोठ्याने बोलत आलीस, म्हणून ते सांगायचं असतं हेच तुझ्या डोक्यात आलं नाही.

धोट्याच्या साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे कारखान्यांना जी मर्यादा धरतात ती ९० चीच. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी बारीक, उंच आवाज जातात. माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण शब्द उमगत नाहीत. असा माणूस स्वतःही वरच्या पट्टीत बोलायला लागतो, कारण त्याला स्वतःचा आवाजसुद्धा तसाच लांबून येतो. 'आजोबांचा भाग काढा' असं लिहिणाऱ्याने नकळत तुला सांगितलं की हे एक वाक्य फिल्ममधून गळलंय.

बाराव्या मिनिटात ते ओट्यावर बसलेत, पलीकडच्या भिंतीला तळवा लावतात आणि म्हणतात, "तिसरा माग आजारी हाय." तू ते दृश्य सात सेकंदांत कापून टाकलंस आणि वर बासरी घातलीस! अगं, कान गेलेला माणूस भिंतीतून माग ऐकतोय. ते दृश्य लांब राहू दे. तिथे बासरी नको, काहीच नको. शक्य असेल तर आधी शेडचा पूर्ण आवाज ठेव, मग आजोबांच्या चेहऱ्यावर आलीस की तो दाबून टाक, पाण्याखाली ऐकू येतो तसा. प्रेक्षकाला तीन सेकंद त्यांच्या कानात बसव. मग 'सारखे ओरडतात' असं कुणी लिहितंय का बघू.

एक अगदी छोटी गोष्ट. आजोबा म्हणतात, "आमच्या येळंला बावन्न पिकाला..." आणि तिथे कट आहे. पीक म्हणजे काय हे तुझ्या गावाबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर ज्वारी येते. एक इंच कापडात आडवे किती धागे बसले ते पीक, आणि मजुरी त्यावर ठरते, एवढं पंधरा सेकंदांत सांग. मजुरी पिकावर मोजतात हे कळल्याशिवाय पुढचा संपाचा भाग कुणाला कशाला भिडेल?

आता आठ मागांच्या घरातला मुलगा. ४१ मधला एकच म्हणून बहुमतवाले त्याला सोडून देतील. पण मतं मोजायची असतात, माहिती मोजायची नसते. चाळीस जणांना एखादी चूक दिसली नाही आणि एकाला दिसली, म्हणून ती चूक एकेचाळिसाव्या हिश्श्याची होत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकले. पंचवीस वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारावर छोटी फिल्म केली होती आणि मोठ्या उत्साहाने त्याच गावच्या शाळेत दाखवली. एक म्हातारा शेतकरी बैल विकतो आणि त्याच्या पाठीवरून शेवटचा हात फिरवतो, असं माझं सगळ्यात करुण दृश्य होतं. सगळी शाळा हसली. मुलं हसली, मास्तर हसले, म्हातारे तर डोळे पुसत हसले. मला वाटलं, गाव दगडाचं आहे. नंतर चहाच्या टपरीवर कळलं की बैल शेजाऱ्याचा होता. आमचे नायक दलाल होते. शहरात ती फिल्म तीनदा दाखवली होती आणि तिन्ही वेळा लोकांचे डोळे ओले झाले होते.

तेव्हा त्या मुलाला चहाला बोलव आणि विचार, नेमकं काय चुकलंय? चूक असेल तर सुधार, त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या संमतीची गरज नाही. पण 'आमच्या बाबांना वाईट दाखवलंय' एवढंच त्याचं म्हणणं असेल तर ते ऐकून घे आणि फिल्म तशीच ठेव. कामगारांवरच्या फिल्मने मालकांनाही बरोबर नऊ मिनिटं द्यावीत असा कायदा नाही. मला मात्र वाटतं, त्याच्याकडे तुला काहीतरी सापडेल. तुमच्या गावात आठ मागांचा मालक बऱ्याचदा खर्चीवाला असतो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याला फक्त विणण्याची मजुरी, तीही पिकावरच. आजोबांना ज्या मापाने पैसे मिळायचे त्याच मापाने मालकालाही मिळतात, हे फिल्ममध्ये आलं तर तुझी बाजू बदलणार नाही, पण गोष्ट खोल होईल. तसं असेल तर त्याच्या वडिलांना एक मिनिट दे.

आता ते बिननावाचं वाक्य. झोप गेली ते समजू शकते. लिहिणाऱ्याने खवचटपणा केला यात शंका नाही. पण खवचट माणसाला कधी कधी काहीतरी दिसलेलं असतं. मी फिल्म तिसऱ्यांदा पाहिली ती फक्त या वाक्यासाठी. तुटक्या चपला तीनदा येतात. गळकं छत दोनदा. आणि दर वेळी खालून बासरी सुरू होते. बारा जणांनी जिची स्तुती केली ती बासरी आणि एकाने जो टोमणा मारला तो टोमणा, दोन्ही एकाच जागेबद्दल आहेत! बासरी ऐकणाऱ्याला सांगते, आता वाईट वाटून घ्या. बारा जणांनी मुकाट्याने घेतलं. तेराव्याला ते ढकलणं जाणवलं आणि तो चिडला. बहुमताचं ऐकलंस तर बासरी वाढवशील. मी म्हणेन काढ, निदान मुलाखतींखालून तरी काढच, तिथे ती शब्दांवरही चढते. ज्या मावशी रातपाळीची गंमत सांगताना हसतात त्यांच्याखाली रडकी बासरी कशाला?

चपलांचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही, तुझ्याकडेही नाही. त्या ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे आहे. तू कॉलेजात फिल्म दाखवलीस, पण आजोबांना आणि मावशींना दाखवलीस का? पत्रात तसं काही नाही, म्हणजे नसणार. या आठवड्यात जा. मावशींच्या घरी, त्यांच्या पाळीची वेळ बघून, लॅपटॉप घेऊन. त्यांच्यापुढे फॉर्म ठेवू नकोस. शेजारी बस, फिल्म लाव आणि गप्प राहा. 'हे का दाखवलं गं?' असं त्या ज्या दृश्याला म्हणतील किंवा नुसता पदर सावरतील, ते दृश्य काढ. तिथे वाद घालायचा नाही, कलेचं कारण सांगायचं नाही. कॉलेजातल्यांनी दिला तो अभिप्राय. मावशींकडून घ्यायची ती परवानगी, आणि शूटिंगच्या दिवशी त्यांनी 'घे की' म्हटलं होतं तेवढ्याने ती पुरी होत नाही. तेव्हा त्यांना तरी काय माहीत की तू चपलांवर कॅमेरा नेणार आहेस?

आजोबांना दाखवताना सबटायटल मोठ्या अक्षरात ठेव.

'लांब झालीय' याचं मी फार मनावर घेत नाही. ऐकू यायला लागलं आणि बासरी गेली की लांबी आपोआप कमी वाटेल. तरी गावाच्या इतिहासाची सुरुवातीची दोन मिनिटं अर्ध्यावर आण. प्रत्येक विद्यार्थी फिल्म इतिहासाने सुरू होते, तुझी मावशींच्या हसण्याने सुरू होऊ दे.

दुसरा खेळ तीन आठवड्यांच्या मध्यावर ठेव, म्हणजे नंतर दुरुस्तीला वेळ उरेल. पहिला कट पाहिलेला एकही माणूस नको. त्याला आता गोष्ट माहीत आहे, त्याचा उपयोग संपला. पंधरा जण पुरेत, पण त्यातले पाच तरी असे आण ज्यांना माग कशाशी खातात हे ठाऊक नाही. पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे चालू मिनिट-सेकंदाचा आकडा, दिसू दे. तुमच्यापैकी दोघांनी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचं आणि कुठल्या मिनिटाला फोन उजळले, कुठे कुजबुज झाली, कुठे सगळे स्तब्ध झाले तेवढं लिहायचं. तू ते काम घेऊ नकोस, तुझे डोळे आजोबांवरच जातील. आधी प्रस्तावना करायची नाही, 'अजून मिक्सिंग बाकी आहे हं' हेसुद्धा नाही. नंतर कुणी काही बोललं तर उत्तर द्यायचं नाही. 'तिथे आम्हाला असं म्हणायचं होतं' हे वाक्य तोंडात आलं की समज, ते फिल्ममध्ये यायचं राहिलंय. लिहून घे.

जुना कट पुसू नकोस, नवा वेगळ्या नावाने ठेव. रात्री दोनला घेतलेले निर्णय सकाळी परत फिरवावे लागतात.

सरांचं प्रकरण आता सोपं झालं. पाय-चार्ट आणि सरासरी एका पानात उरक. उरलेल्या पानांत तीनच गोष्टी सविस्तर लिही: लोकांनी काय म्हटलं, तुम्हाला मूळ कारण काय सापडलं, आणि काय बदललं. शेवटी एक पान, ऐकूनही काय बदललं नाही आणि का. बासरीच्या बारा मतांविरुद्ध तुम्ही का गेलात हे तिथे येऊ दे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं त्याच पानावर बोट ठेवतील, आणि तिथे बोलायला तुमच्याकडे खूप काही असेल.

गटातल्यांनी कुरकुर केली तर वाद घालू नकोस. त्यांना मावशींची मुलाखत फोनच्या स्पीकरवर लावून दे, पाठ करून बसव आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांग.

आणि पहिल्या खेळाला तुम्ही चहा-वडापाव दिला होता म्हणे, ताजा कलमात लिहिलंयस. या वेळी तो कागद गोळा झाल्यावर दे. आधी दिलास तर पुन्हा ४.२ च येतील.